वाटणीतला माणूस

बाप मेला की भाऊ वेगळे होतात. शेत, वाडी, बैल, भांडीकुंडी यांची वाटणी होते. पण ज्या घरात राबणारी माणसेच मालमत्ता होती, तिथे भाऊ वेगळे झाल्यावर त्या माणसांचे काय होई? अमेरिकेतल्या कापसाच्या मळ्यांबद्दल आपण हा प्रश्न चटकन विचारतो. आपल्याकडे गुलामगिरी नव्हतीच असे सांगणारे विद्वान मात्र धर्मशास्त्रातले दायविभागाचे प्रकरण आले की डोळे मिटून घेतात.

ते प्रकरण उघडून पाहावे. मनूने दासांचे सात प्रकार सांगितले. बापाकडून वारशाने आलेला दास हा त्यांतला एक. नारदाने पंधरा केले, त्यांतही तो आहेच. अडचण एवढीच की शेताचे तुकडे पडतात, माणसाचे पडत नाहीत. त्यावर बृहस्पतीने तोड काढली. दासी एकच असेल तर प्रत्येकाच्या हिश्श्याच्या मानाने तिच्याकडून घरोघर काम करून घ्यावे. पुष्कळ असतील तर सारख्या वाटून घ्याव्यात. दासांनाही हाच नियम. मिताक्षराकार विज्ञानेश्वरही म्हणतो की संख्या विषम असेल तर दासींची किंमत करून वाटप करू नये, पाळीने राबवून घ्यावे. बाईचे तुकडे करता येत नाहीत, म्हणून तिच्या दिवसांचे तुकडे केले. तीन भावांच्या तीन चुली, आणि तिन्हीकडे हात तिचेच!

बापाने स्वतःसाठी ठेवलेली दासी मात्र मुलांनी वाटून घेऊ नये, असा दंडक आहे. ही करुणा म्हणावी, तर तिच्या पोटच्या मुलाकडे पाहावे. बाप शूद्र असेल तर दासीपुत्राला बापाच्या मर्जीने हिस्सा मिळे आणि बापाच्या पश्चात भावांनी त्याला अर्धा वाटा द्यावा, असे याज्ञवल्क्य सांगतो. बाप त्रैवर्णिक असेल तर मिताक्षरेच्या मते बापाची इच्छा असूनही हिस्सा नाही. मुलगा आज्ञेत राहिला तर पोटाला अन्न. पेशवाईत अशा मुलांना लेकावळे म्हणत. आणि हे सारे पोथीत पडून राहिले असेही नाही. उत्तर कोकणात, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्याच्या मुलखातही, इंग्रजी न्यायालये नीलकंठ भट्टांचा ‘व्यवहारमयूख’ प्रमाण मानीत, आणि शूद्राच्या दासीपुत्राला किती वाटा यावर मुंबई उच्च न्यायालयात एकोणिसाव्या शतकात खल झाला.

तोवर कायदा बदलला होता. 1843 च्या पाचव्या कायद्याने गुलामावरची मालकी कोर्टाने मानण्याचे थांबले. 1862 पासून भारतीय दंड संहितेने गुलामाची खरेदीविक्री गुन्हा ठरवली. वाटणीच्या कागदावरून माणूस गेला. त्याच्या नावावरचे कर्ज राहिले.

घिवली-तारापूरचा किनारा सोडून बोईसरच्या पूर्वेला आणि उत्तरेला गेले की वारल्यांचे पाडे लागतात. डहाणू-उंबरगावकडच्या रानात वारली तरुण लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज काढी, आणि ते फिटेपर्यंत नवराबायको दोघे त्याच्याकडे राबत. ते बहुधा फिटतच नसे. अशा माणसाला नाव होते लग्नगडी. सायमिंग्टन या अधिकाऱ्याने 1938 च्या सुमारास मुंबई सरकारला दिलेल्या अहवालात ही वेठ नोंदलेली आहे.

आता वारसाहक्काच्या नजरेने हिशेब मांडा. माणूस मालमत्ता नसला तरी येणे ही मालमत्ता असतेच. जमीनदाराच्या मुलाला जमिनीबरोबर बापाचे येणे मिळे, लग्नगड्याच्या मुलाला बापाचे देणे. मुलाने बापाचे ऋण फेडावे, हा तर धर्म! 1866 च्या मुंबईच्या कायद्याने मुलाची जबाबदारी बापाच्या मागे राहिलेल्या मिळकतीपुरतीच ठेवली होती. म्हणजे ज्याच्या मागे काहीच राहिले नाही, त्याच्या मुलाला काही देणे लागत नव्हते. पण हा कायदा पाड्यावर कोण वाचून दाखवणार? महारवतनाची पाळीही अशीच भावकीत फिरे. तिथेही पोरांच्या वाट्याला जमिनीच्या तुकड्यापेक्षा बापाची राबणूकच अधिक येई.

जानेवारी 1945 मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. मे महिन्यात झरीला वारल्यांनी वेठ न करण्याचा ठराव केला. गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्यासोबत होते. लग्नगडी मालकाचे घर सोडून आपल्या घरी गेले. कर्ज फिटले की नाही हे त्यांनी मालकाला विचारले नाही. 10 ऑक्टोबर 1945 रोजी तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड आणि त्याचे चार सोबती मारले गेले.

वेठबिगार नष्ट करणारा कायदा त्यानंतर तीस वर्षांनी, 1976 मध्ये झाला. वेठबिगारीचे करार कशाकशामुळे होतात हे त्याच्या व्याख्येत सांगताना कर्ज आणि चालीरीत यांच्याबरोबर ‘वारशाने आलेले बंधन’ हेही घालावे लागले. त्याच्या सहाव्या कलमाने बापाचे ते कर्ज मुलावरून उतरले.