मंडईच्या रात्रीचा शाहीर

कवन रचणारा एक, तें गाणारा दुसरा आणि ऐकणारा तिसराच, अशी वांटणी शहरांतील रसिकांच्या अंगवळणीं पडली आहे. ध्वनिमुद्रिका, बोलपट आणि नभोवाणी यांनीं ती पक्की केली. परंतु वैनगंगेच्या कांठच्या भंडारा जिल्ह्यांत, जो रचतो तोच गातो आणि जे ऐकतात तेच तेथल्या तेथें निवाडा देतात, अशी एक जुनी कला नांदत आली आहे. तिचें नांव खडी गंमत. तिला तमाशाची वैदर्भी बहीण म्हणतां येईल. तिला पडदा लागत नाहीं, रंगमंचाची उंची लागत नाहीं. कलावंत उभ्याउभ्या गातात, नाचतात आणि वाद घालतात, म्हणून ती ‘खडी’.

भंडारा हा धानाचा आणि तळ्यांचा मुलूख. कोहळी समाजाच्या पूर्वजांनीं बांधलेल्या तलावांवर येथील शेती शतकानुशतकें उभी आहे. भंडारा, १९९९ सालीं त्यापासून वेगळा झालेला गोंदिया, आणि चंद्रपूर-गडचिरोलीचा वैनगंगेकांठचा भाग मिळून जी झाडीपट्टी होते, तिचा उत्सवाचा ऋतु दिवाळीबरोबर उजाडतो. हलकें धान घरीं येऊं लागलेलें असतें, भारी धान शेतांत डुलत असतें, आणि भाऊबीजेपासून गांवोगांवच्या मंडया भरूं लागतात. ही मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे. ती गांवची जत्राच होय. एका गांवची मंडई आज, तर शेजारच्या गांवची उद्यां किंवा परवां. त्यामुळें पाहुण्यांची वर्दळ महिनाभर खंडत नाहीं. गोवारी लोक मोरपिसांनीं शृंगारलेल्या ढाली वाजतगाजत आणतात, माहेरवाशिणी येतात, जांवई येतात, आणि जेवणें आटोपलीं कीं सर्वांच्या तोंडीं एकच प्रश्न असतो: आज गंमत कोणाची?

एके काळीं अशा रात्रीं चार मित्र मिळून रेंगी किंवा खासर जुंपीत, तणसावर घोंगडी अंथरीत आणि दोन-दोन कोस दूरच्या गांवाकडे निघत. वाटेंत चर्चा असे ती शाहिरांची. कोण कोणाचा शिष्य, गेल्या वर्षीं कोणाची जीभ अडखळली, कोणाचा सवाल अजून कोणाला सुटलेला नाहीं, याचा हिशेब प्रत्येकाला पाठ असे. पोंचल्यावर गॅसबत्तीच्या उजेडांत, मोकळ्या पटांगणांत, मंडळी जमिनीवरच बसत. मध्यें जी जागा उरे, तीच रंगभूमि.

आरंभ गणानें. गणपतीचें स्तवन झालें कीं गौळण. तींत स्त्रीवेष घेतलेला पुरुष, म्हणजे नाच्या, पुढें येतो आणि सोंगाड्या त्याची वाट अडवून हंशा पिकवितो. डफ, तुणतुणें, ढोलकी आणि झांज एवढीच वाद्यें. मग लावणी, पोवाडा, एखादा प्रसंग. आणि रात्र चढूं लागली कीं जिच्यासाठीं सारे आलेले असतात ती गोष्ट: दोन शाहिरांचा सामना. या प्रांतीं अशा सामन्याला ‘दुय्यम’ म्हणतात.

या सामन्याच्या मुळाशीं कलगी आणि तुरा हे दोन पक्ष आहेत. तुकनगीर गोसावी आणि शाहअल्ली फकीर या दोन कविगायकांवर प्रसन्न होऊन चंदेरीच्या राजानें एकाला आपल्या मुगुटांतील तुरा आणि दुसऱ्याला कलगी दिली, अशी आख्यायिका आहे. तुरेवाले शिवाला श्रेष्ठ मानतात, कलगीवाले शक्तीला. एकांचें निशाण भगवें, दुसऱ्यांचें हिरवें. माळवा आणि राजस्थान येथेंहि हेच दोन पक्ष गात आले आहेत. गोसावी आणि फकीर यांच्या नांवानें चालत आलेला हा वाद धर्माधर्मांतला नाहीं. पुरुष मोठा कीं प्रकृति मोठी, या प्रश्नावरचा तो वाद आहे. सांख्यशास्त्रांतला हा प्रश्न घोंगडीवर बसलेला शेतकरी पहांटेपर्यंत ऐकतो, आणि त्यांत कोण हरलें हें त्याला कळतें.

सवाल टाकावयाचा तो बहुधा पुराणांतील एखाद्या गूढ स्थळावर. त्याला ‘भेदिक’ म्हणतात. ज्या चालींत सवाल आला त्याच चालींत जबाब गेला पाहिजे, आणि तोहि प्रतिपक्षाची ढोलकी थंड होण्याच्या आंत. पाठांतर येथें उपयोगी पडतें, पण पुरत नाहीं. शेवटच्या कडव्यांत शाहीर गुरूचें आणि स्वतःचें नांव गुंफतो. ही नाममुद्रा म्हणजे जबाबदारीच होय. चुकलेल्या अर्थाचें खापर दुसऱ्या कोणावर फोडतां येत नाहीं.

पेशवाईच्या अखेरच्या काळांतील एक उदाहरण येथें आठवण्याजोगें आहे. होनाजी रची आणि त्याचा मित्र बाळा कारंजकर गाई. म्हणूनच ‘होनाजी बाळा’ हें जोडनांव झालें. त्या लावण्या पुढें छापल्या गेल्या आणि टिकल्या. १८९१ सालीं ॲक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनीं इतिहासप्रसिद्ध स्त्रीपुरुषांचे पोवाडे ग्रंथरूपानें प्रसिद्ध केले, आणि शाहिरी वाङ्मयाला पंडितांच्या घरांत मान मिळाला. पण त्या संग्रहाचा रोख इतिहासावर होता. मंडईंतील सवाल-जबाब त्यांत येण्याचें कारणच नव्हतें. शिवाय भंडारा पुण्याच्या सत्तेखालीं नव्हता. तो नागपूरकर भोंसल्यांचा मुलूख. १८५४ सालीं तें राज्य खालसा झालें, १८६१ पासून तो मध्यप्रांतांत गेला, १९५६ सालीं मुंबई राज्यांत आला आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत. मराठी छापखान्यांची मोठी केंद्रें जेथें होतीं, तेथून ही झाडी नेहमींच दूर राहिली. येथील शाहिराचें कवन त्याच्या वहींत राहिलें, आणि वही शिष्याच्या पेटींत.

वही हातीं आली तरी अर्धेंच गवसतें. एक कारण भाषेचें. झाडीबोलींत ‘ण’च्या जागीं ‘न’ आणि ‘ळ’च्या जागीं ‘र’ येतो. पाण्याला पानी आणि डोळ्याला डोरा म्हणतात. शाहिरानें ‘डोरा’ आणि ‘दोरा’ यांचें यमक जुळविलें, आणि एखाद्या सद्‌हेतूच्या संपादकानें ‘डोरा’चा ‘डोळा’ केला, तर व्याकरण सुधारलें, पण कवन मोडलें. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनीं झाडीबोलीचा शब्दकोश सिद्ध केला आणि येथील लोककलांचा अभ्यास केला, त्याचें मोल यासाठींच मोठें आहे. दुसरें कारण याहून खोल आहे. शाहीर आपले जबाब लिहून ठेवी, प्रतिपक्षाचे सवाल नव्हे. सवालाविना जबाब म्हणजे टाळी वाजवायला निघालेला एकच हात.

विसाव्या शतकांत या शाहिराचे सोबती वाढले, तसे स्पर्धकहि. सत्यशोधक जलशांनीं तमाशाच्या ढांच्यांत समाजसुधारणेचा आशय ओतला. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनीं मराठी व हिंदी भजनें स्वतः रचून खंजिरीवर गाइलीं, आणि १९४२ च्या आंदोलनांत त्यांना तुरुंगवास घडला. १६ जुलै १९४८ रोजीं नागपुरास नभोवाणी केंद्र सुरू झालें. वडसा येथील नाटक मंडळ्यांनीं झाडीपट्टीची स्वतंत्र रंगभूमि उभारली. २०२३ सालीं तिच्यांतील परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. रात्र नाटकानें घेतली, आणि अनेक गांवीं गंमत दिवसाच्या उन्हांत उभी राहिली. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत ध्वनिक्षेपकास बंदी केली. वर्षांतून फार तर पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देतां येते. ज्या कलेचा खरा सामना मध्यरात्रीनंतर रंगे, तिला ही मर्यादा जाचणारच. आणि तरी झोंप मोडलेल्या आजाऱ्याची तक्रार खोटी म्हणतां येत नाहीं. जुना शाहीर तर केवळ गळ्याच्या बळावर पटांगण भरून टाकी.

आज गाणें टिपून ठेवणें सोपें झालें आहे. ज्याच्या त्याच्या हातीं यंत्र आहे. पण एकेक लावणी सुटी करून ठेवल्यानें ही कला राखली जाणार नाहीं. राखावयाची ती सबंध रात्र: दोन्ही पक्ष, सवाल आणि जबाब, सोंगाड्याचा विनोद, आणि ‘जबाब चुकला!’ म्हणून मागच्या रांगेंतून उठलेला एखाद्या म्हाताऱ्याचा आवाज. तो म्हातारा हाच या वाङ्मयाचा टीकाकार. त्याला उत्तर देण्यासाठीं शाहीर पुन्हां डफ उचलीत असे.