धारूरची वाट, खर्ड्याचा उंचवटा

मैदानी तोफखाना म्हणजे फौजेबरोबर चालणारा तोफखाना. बुरुजावरची तोफ जागची हलत नाही; मैदानी तोफेला मात्र बैल ओढतील तितकीच गती. ती वेळेवर योग्य जागी पोहोचली तरच लढाईत तिचा उपयोग. निजाम आणि मराठे यांच्या बीड परिसरातील लढाया या दृष्टीने पाहण्याजोग्या आहेत.

१७६० च्या आरंभी निजाम सलाबतजंग व त्याचा भाऊ निजामअली तोफा आणि सामानाचे लटांबर घेऊन उदगीरहून धारूरकडे निघाले. धारूरला त्यांची दुसरी फौज होती. दोघांची गाठ पडू द्यायची नाही, हा मराठ्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊंचा डाव. घोडदळाने वाट अडवून धरली. शिवाय भाऊंकडे फ्रेंच पद्धतीने तयार झालेला तोफखान्याचा सरदार इब्राहिमखान गारदी होता. ३ फेब्रुवारीला औशाजवळ निजामाचा मोड झाला. धारूर दूरच राहिले.

१० ऑगस्ट १७६३ रोजी राक्षसभुवनला (आजचा गेवराई तालुका) निकाल लावला तो गोदावरीने. निजामअली बऱ्याच फौजेसह पलीकडे गेलेला, त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर अलीकडे अडकलेला. भर पुरात तोफा उतरवून मदतीला येणे शक्यच नव्हते. पेशवे माधवराव आणि रघुनाथरावांनी दिवाणाला गाठले. विठ्ठल सुंदर मारला गेला.

तोफखान्याचे खरे सामर्थ्य दिसले ते बीडच्या सीमेलगत, खर्ड्याला. ११ मार्च १७९५ रोजी दोन्हीकडे फ्रेंच अधिकाऱ्यांच्या कवायती पलटणी होत्या: निजामाकडे रेमंडच्या, शिंद्यांकडे पेरॉनच्या. पेरॉनने उंचवटा हेरून तिथे ३५ तोफा मांडल्या. निजामाचे घोडदळ पल्ल्यात येताच मारा सुरू झाला. त्यातच नागपूरकर रघूजी भोसल्यांचे बाण, म्हणजे दारू ठासलेल्या लोखंडी नळ्या, सूं सूं करत येऊन पडू लागले. घोडी बिथरली, स्वार उधळले. रेमंडची पायदळे नेटाने लढत होती, पण निजामाने त्यांना मागे बोलावले आणि स्वतः खर्ड्याच्या गढीत शिरला. लवकरच त्याला तह करावा लागला. या विजयाचे श्रेय सांगताना सरदारांची नावे घेतली जातात. जागा निवडून तोफा रोवणारे गोलंदाज मागे पडतात, हे न्याय्य नाही.

अशा गोलंदाजांचे कर्तृत्व पुढे इंग्रजांविरुद्धही दिसले. २३ सप्टेंबर १८०३ रोजी जालन्याकडच्या असईला शिंद्यांच्या गोलंदाजांनी इंग्रज सेनापती वेलस्लीच्या पलटणींची मोठी हानी केली. इंग्रज पुढे सरकल्यावर मेल्याचे सोंग घेतलेले काही गोलंदाज उठले आणि त्यांनी पाठीमागून पुन्हा तोफा डागल्या. लढाई मात्र शिंदे हरले, आणि त्यांच्या सुमारे शंभर तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या.