‘अगोन’: स्पर्धेच्या आधी जमाव होता

आजचा शब्द ग्रीक आहे, ‘अगोन’. अर्थ स्पर्धा, चुरस, झुंज. पण सुरुवातीला यात झुंज नव्हतीच.

‘अगेइन’ म्हणजे नेणं. त्यावरून ‘अगोन’ म्हणजे माणसं एकत्र येतात तो जमाव, ती जागा. होमरच्या ‘इलियड’मध्ये हा शब्द जमावासाठीही येतो आणि खेळांसाठीही. पुढे त्या जमावासमोर जे चालायचं, म्हणजे धावणं, कुस्ती, रथांच्या शर्यती, तोच अर्थ पक्का झाला. आपल्या ‘आखाड्या’सारखंच. शब्द जागेचा, पण ‘निवडणुकीचा आखाडा’ म्हटलं की झुंजच आठवते.

सगळ्यात मोठा अगोन ऑलिम्पियाचा. परंपरेने त्याची सुरुवात इ.स.पू. 776 मानतात. जिंकणाऱ्याला ऑलिव्हच्या फांदीचा मुकुट. दुसरा, तिसरा नंबर? नाहीच. पिंडार हा कवी सांगतो की हरलेले मल्ल लोकांची नजर चुकवत गल्लीबोळांतून घरी जायचे.

अथेन्समध्ये तर नाटकांचाही अगोन असायचा. मुख्य नट तो ‘प्रोटागोनिस्टेस’, म्हणजे पहिला स्पर्धक. समोरचा तो ‘अंटागोनिस्टेस’. ‘अंटी’ म्हणजे प्रति. आपला ‘प्रतिस्पर्धी’ अगदी असाच बनलाय!

आणि ‘अगोनिया’? आधी स्पर्धेतली धडपड, मग मनाची घालमेल. बायबलमध्ये लूकने येशूच्या अटकेच्या रात्रीसाठी हाच शब्द वापरलाय. तोच पुढे इंग्रजीत ‘ॲगनी’ झाला, म्हणजे यातना. म्हणजे बघा, जमाव, मग चुरस, मग वेदना. स्पर्धा परीक्षेचा निकाल लागायच्या आदल्या रात्री जे होतं, त्याला ग्रीकांकडे आधीच शब्द होता.

पण एक निकाल लक्षात ठेवा. इ.स.पू. 431, अथेन्स. तीन नाटककारांत पहिला युफोरिअन, दुसरा सोफोक्लिस, तिसरा, म्हणजे शेवटचा, युरिपिडिस. त्या वर्षीच्या त्याच्या नाटकांत एक होतं ‘मीडिया’. ते आजही जगभर रंगमंचावर येतं. युफोरिअनचं नाव तुम्ही याआधी कधी ऐकलं होतं?

निकाल त्या दिवशीच्या परीक्षकांनी दिला होता. त्यांनी दिला तो नंबर, नाटकाची किंमत नाही. निकालाची वाट बघणारं कुणी ओळखीचं असेल, तर हा भाग त्यांना नक्की पाठवा. भेटू पुढच्या शब्दासोबत!