बांधावरचा हिशेब, मांडवातला आहेर

लग्नपत्रिकेच्या तळाशी हल्ली एक ओळ हमखास असते : 'कृपया आहेर आणू नये'. ही ओळ वाचून आपल्यापैकी किती जण खरोखर रिकाम्या हातानं मांडवात जातात? बहुतेक जण खिशात पाकीट ठेवतात, जेवणाच्या रांगेत इतरांचा अंदाज घेतात आणि मग ठरवतात. आपण काय दिलं आणि आपल्याला काय मिळालं, हा हिशेब आपल्या मनात सतत चालू असतो. तो बोलून दाखवायची मात्र लाज वाटते. देणं हे मोकळ्या मनाचं असावं, त्यात हिशेब कसला, असं आपण म्हणतो. आणि समोरच्यानं परत काहीच केलं नाही, तर तेच आपल्याला वर्षानुवर्षं लक्षात राहतं.

हिशेब आणि औदार्य यांचं खरंच वैर आहे का? आज मला या प्रश्नाकडे आपल्याच मातीतल्या इतिहासातून पाहायचं आहे.

आपली भाषा या बाबतीत फार प्रामाणिक आहे. 'देणं' हा शब्द आपण क्वचित एकटा वापरतो. त्याच्या जोडीला 'घेणं' येतंच. देणं-घेणं, देवाणघेवाण, येणं-जाणं. 'माझं त्याच्याशी काही देणंघेणं नाही' असं म्हटलं, की संबंधच संपला. दुसरीकडे याच भाषेत संक्रांतीचं वाण 'लुटतात' आणि दसऱ्याला सोनं 'लुटतात'. देणाऱ्यानं आनंदानं स्वतःला लुटू द्यायचं! एकाच भाषेत चोख हिशेबही आहे आणि लूटही आहे.

मार्सेल मोस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं १९२५ मध्ये भेटवस्तूंवर एक प्रदीर्घ निबंध लिहिला. जगभरच्या समाजांतल्या देण्याघेण्याचा अभ्यास करून त्यानं सांगितलं, की भेट वरवर ऐच्छिक दिसते, पण तिच्यात तीन बंधनं दडलेली असतात : द्यायचं, दिलेलं स्वीकारायचं आणि त्याची परतफेड करायची. यांतलं एक जरी मोडलं तरी नातं मोडतं. आपल्याकडच्या कुठल्याही आजीला हे मोस न वाचता ठाऊक होतं. पण परतफेड किती करायची, केव्हा करायची आणि ज्याची ऐपत नाही त्यानं काय करायचं, हे खरे अवघड प्रश्न. त्यांची उत्तरं प्रत्येक गावानं आपापल्या परीनं शोधली.

असं एक उत्तर रायगड जिल्ह्याच्या खारेपाटात सापडतं. मुंबई-गोवा महामार्गावर वडखळ मागे पडलं, की डोलवीचा पोलाद कारखाना लागतो आणि पुढे गडब. गडब पेण तालुक्यात. त्यापुढे कासू, आणि मग नागोठणं, म्हणजे रोहा तालुका. पेण म्हटलं की आपल्याला गणपतीच्या मूर्ती आठवतात. पण या तालुक्याची पश्चिमेकडची बाजू अंबा नदीच्या आणि धरमतर खाडीच्या भरती-ओहोटीवर जगत आली आहे. इथली भातशेती म्हणजे समुद्राकडून मागून घेतलेली जमीन. खाडीच्या बाजूनं मातीचा मोठा बांध घालायचा, त्याला इथं बाहेरकाठा म्हणतात. पावसाचं गोडं पाणी बाहेर सोडायला आणि भरतीचं खारं पाणी अडवायला उघाडी ठेवायची. पावसानं काही वर्षं मिठाचा अंश धुऊन काढला, की तिथं भात पिकतं.

हा बांध एकट्यादुकट्याचं काम नव्हे. मग तो कोणी घालायचा? १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये याचे दोन प्रकार नोंदलेले आहेत. (हा कुलाबा म्हणजेच आजचा रायगड; नाव बदललं १९८१ मध्ये.) पहिला प्रकार शिलोत्री. एखादा पैसेवाला माणूस बांध घालून देई, तो राखण्याची जबाबदारी घेई आणि त्या बदल्यात कसणाऱ्यांकडून भाताचा ठरावीक हिस्सा घेई. दुसरा प्रकार कुळारग. यात गावातली कुळं स्वतःच एकत्र येत. बांध पुरा होईपर्यंत प्रत्येकानं राबायचं, मध्येच सोडून जायचं नाही, असा करार होई. बांध पुरा झाला की नवी जमीन वाटली जाई, आणि ज्यानं जितकी मेहनत केली त्या प्रमाणात त्याला वाटा मिळे. पुढे डागडुजीसाठी प्रमुख कुळांची पंचमंडळी असे. कोणाच्या वाट्याला किती खर्च येतो हे पंच ठरवत, आणि बोलावणं आलं की हजर राहणं प्रत्येकावर बंधनकारक असे.

या व्यवस्थेत औदार्याला जागा दिसत नाही, आणि ते बरोबरच होतं. कारण बांधाचं गणित फार निष्ठुर असतं. दोन मैलांच्या बाहेरकाठ्याला एका ठिकाणी हातभर खांड पडली, की उधाणाचं पाणी सगळ्यांच्या शेतात शिरतं. काम केलेल्याच्याही आणि न केलेल्याच्याही. एकदा खारं पाणी शिरलं की पुढची पिकंही जातात. अशा ठिकाणी 'ज्याला जमेल त्यानं यावं' असं म्हणणं म्हणजे भल्या माणसावर सगळा भार टाकणं. तो एक वर्ष करील, दोन वर्षं करील, तिसऱ्या वर्षी त्याच्याही मनात येईल, की मीच का? म्हणून बांधावर हिशेब चोख. सगळ्यांनी मिळून बांध राखण्याच्या या रिवाजाला खारेपाटात 'जोळ' म्हणत. 'गाव करी ते राव न करी' ही म्हण आपण सहज वापरतो, पण गावाला ते करता येतं, कारण गाव हजेरी घेतं.

बांधाच्या आत आलं की हिशेब थोडा सैल होतो. लावणीच्या दिवसांत कोकणात सावड चालते. आज सगळ्यांनी तुझ्या शेतात, उद्या माझ्या. घाटावर याच जातीची इर्जिक असते. सावडीत दिवसाला दिवस हे माप असतं, पण तराजू नसतो. एखाद्याच्या घरातून तरणाताठा गडी येतो, दुसऱ्याच्या घरातून साठीची म्हातारी. दोघांचाही दिवस एकच धरतात. म्हातारीनं कमी रोपं लावली म्हणून कोणी तिचा पाऊण दिवस मांडत नाही. म्हणजे न्यायाची चौकट तीच, फक्त तिच्या आत थोडं औदार्य मुरवलेलं.

आणि तिथून मांडवात आलं, की माप आणखी बदलतं. पेण तालुक्यातल्या एका घरात मला आहेराची जुनी वही चाळायला मिळाली. लाल कापडी पुठ्ठ्याची, दुकानदाराच्या खतावणीसारखी. एका लग्नाच्या पानांवर नारळ आणि खण, तांदूळ, एक पातेलं, कुठं दोन रुपये, कुठं पाच, अशा नोंदी. एका बाईच्या नावापुढे मात्र काहीच आकडा नव्हता. 'दोन दिवस रांधलं' एवढंच लिहिलेलं होतं. घरच्या आजींना मी विचारलं, याची परतफेड कशी केली? त्या म्हणाल्या, "तिच्या मुलाच्या लग्नात मी दोन दिवस चूल सांभाळली. आणि तिसऱ्या दिवशी भांडीपण घासली." त्या तिसऱ्या दिवसाची नोंद कुठल्याच वहीत नव्हती, आणि तरीही तो त्यांच्या लक्षात होता.

आहेराच्या वहीचं मला मोठं वाटतं ते हे. ती हिशेबाची वही आहे, पण तिच्यात बेरीज नसते. वाण्याच्या वहीत खातं मिटलं की रेघ मारतात. इथं रेघ मारायचीच नसते. आपल्याला पन्नास आले तर आपण एकावन्न देतो. तो वरचा एक रुपया शुभ असतो असं आपण म्हणतो. मला तो व्यवहार पुढे चालू ठेवणारा रुपया वाटतो. पूर्ण परतफेड झाली तर उतराई होते, आणि उतराई झाली की ऋणानुबंध संपतो. म्हणून थोडं ऋण शिल्लक ठेवायचं, कधी आपलं त्यांच्याकडे, कधी त्यांचं आपल्याकडे. ज्याची ऐपत नाही त्याच्यासाठी 'फूल ना फुलाची पाकळी' होतीच. वही विचारत होती ती एवढंच, की तू आलास का?

याचा अर्थ जुना काळ सोन्याचा होता असा मुळीच नाही. ज्या देण्याला नकार देता येत नाही आणि ज्याची परतफेड कधी होत नाही, तेही याच जिल्ह्यात भरपूर होतं. खोताला पिकाचा मोठा वाटा द्यावा लागे, वर नाना नावांनी जादा वसुली आणि फुकटची वेठ. त्याविरुद्ध खाडीपलीकडे अलिबाग तालुक्यात, चरी आणि आसपासच्या गावांतल्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ मध्ये संप पुकारला. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला आले आणि शेतकऱ्यांच्या पाठीशी उभे राहिले. संप १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षं हातातली जमीन पडीक ठेवायची, हे साधं काम नव्हे. लाकूडफाटा विकून, मिळेल ती मजुरी करून घरं तगली. आधी न्याय नसेल, तर वरून दिलेल्या दिवाळीच्या पोस्ताला औदार्य म्हणता येत नाही, हे या माणसांनी उपाशी राहून सांगितलं.

स्वातंत्र्यानंतर बांधाची कथा बदलली. १९४८ मध्ये मुंबई राज्यानं खारजमिनींचा कायदा केला आणि पुढे १९७९ मध्ये महाराष्ट्राचा खारजमीन विकास कायदा आला. बाहेरकाठ्यांची जबाबदारी हळूहळू सरकारी यंत्रणेकडे गेली. यात वावगं काही नव्हतं. कुळकायद्यानं जमिनी कसणाऱ्यांच्या झाल्या होत्या, आणि लहान शेतकऱ्याला एवढा खर्च झेपणारा नव्हता. पण बांध आपला राहिला नाही, तशी हजेरीही राहिली नाही. जोळ विरत गेली. खांड लहान असताना चार घरच्या माणसांनी चिखल आणि पेंढा टाकून ती बुजवायची, ती आता अर्ज करून वाट पाहण्याची गोष्ट झाली. तोवर दोन उधाणं येऊन जातात. शेतात तिवरं उगवलेली या पट्ट्यात जागोजागी दिसतात. कारखाने आले, माणसं नोकरीला लागली, जमिनीचे भाव वाढले, ही कारणंही आहेतच. पण 'मी गेलो नाही तर माझं नाव पुकारलं जाईल' हा धाक गेला, हेही एक कारण आहे.

गंमत पाहा. बांधावरचा हिशेब सुटला आणि मांडवातला कडक झाला. जी वही घरात मिटलेली असे, ती माइकवर आली. अमुक पाहुण्यांकडून एक हजार एक, तमुक यांच्याकडून पाच हजार एक, असं पुकारलं जाऊ लागलं. बंद वहीत पाच रुपयेवाला आणि पन्नासवाला शेजारी शेजारी बसत. माइकवर ते बसू शकत नाहीत. आता ऐपत नसलेला माणूस कर्ज काढून आहेर करतो, किंवा काही तरी निमित्त काढून लग्नाला जातच नाही. दुसरं मला अधिक वाईट वाटतं. वही ज्या एका गोष्टीसाठी होती, तीच त्यात गेली.

आणि लग्नातलं देणं जिथं जुलमाचं झालं, तिथं कायद्याला यावं लागलं. १९६१ मध्ये हुंडाबंदीचा कायदा झाला. त्याखाली १९८५ मध्ये नियम आले, की वधूवरांना मिळालेल्या भेटींची यादी करायची; वस्तू कोणती, तिची अंदाजे किंमत किती, देणारा कोण, नातं काय, आणि खाली दोघांच्या सह्या. म्हणजे कायद्यानंही शेवटी वहीच मागितली. फक्त या वहीत किंमतीचा रकाना घालावा लागला, कारण उद्या मुलीवर वेळ आली तर तिचं ते तिला मिळालं पाहिजे. हाही न्यायच. ज्या घरात माणसांचा भरवसा उरत नाही, तिथं आकडा लिहून ठेवणं हीच मुलीची माया.

तेव्हा हिशेब आणि औदार्य यांचं वैर नाही. प्रश्न जागेचा आहे. जिथं एकाच्या कुचराईनं सगळ्यांचं बुडतं, तिथं चोख हिशेब हवा. मग तो गडबच्या खाडीवरचा बांध असो, सोसायटीची पाण्याची टाकी असो, की दर महिन्याची भिशी. तिथं 'जाऊ दे हो' म्हणणं हा मनाचा मोठेपणा नव्हे, तो प्रामाणिक माणसावर अन्याय आहे. आणि जिथं माणूस नुसता येऊन बसला तरी आपलं भरून पावतं, तिथं आकडा मिटलेल्या वहीतच बरा.

खारेपाटातल्या लोकांनी हा फरक समाजशास्त्र शिकून ओळखला नाही. खाडी रोज दोनदा दाराशी येऊन त्यांची परीक्षा घेत होती. आपल्या दाराशी खाडी नाही, म्हणून आपल्याला तो मुद्दाम लक्षात ठेवावा लागेल. पुढच्या लग्नाला जाताना पाकिटात किती घालायचं याचा विचार जरूर करा. पण त्याआधी सोसायटीच्या सभेचं बोलावणं आलेलं असेल, तर तिथं वेळेवर हजर राहा.