गागोद्याच्या घरांतील आंधळे काका

मोठ्या कुटुंबांत वाढणाऱ्या मुलाला आपलें कोण आणि परकें कोण हें कोणी धड्यासारखें शिकवीत नाहीं. पंक्तींत, देवघरांत आणि मरणाची वार्ता आली त्या वेळीं तें त्याला आपोआप उमगतें. पश्चिम आफ्रिकेंतील योरुबा लोकांत एका पुरुषाच्या अनेक बायका व त्यांचीं मुलें एकाच मोठ्या वाड्यांत राहण्याची चाल जुनी आहे. सगळीं एकत्र वाढतात. तरी एका आईचीं तीं 'ओमो इया' आणि केवळ एका बापाचीं तीं 'ओमो बाबा', हा भेद त्यांच्या भाषेंतच रुजलेला आहे. आपल्या कोंकणांतील एकत्र कुटुंबाची घडण निराळी. तेथें सवती विरळा. पण चुलते, आत्या, विधवा, विद्यार्थी, आश्रित यांनीं घर भरलेलें असे, आणि भेदाची रेषा तेथेंहि होतीच. ती सर्वांत स्पष्ट दिसे सुतकांत. कोणाचें दहा दिवस, कोणाचें तीन, कोणाचें नुसतें स्नान, यावरून नात्याचें माप घेतां येई.

पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यांत, पेण तालुक्यांतील गागोदें बुद्रुक या लहानशा गांवीं भावे यांचें असेंच एक घर होतें. त्या घरांत ११ सप्टेंबर १८९५ रोजीं विनायक नरहर भावे, म्हणजे पुढचे विनोबा, जन्मास आले. वडील नोकरीनिमित्त बडोद्यास असत. मुलें गागोद्यास आई रुक्मिणीबाई आणि आजोबा शंभुराव यांच्या छायेंत वाढत होतीं. शंभुराव मोठे व्रतस्थ. चांद्रायण चालू असलें म्हणजे चंद्रोदयाची वेळ साधून आरती व्हावयाची. मग ती मध्यरात्र का असेना, झोपेंतल्या नातवाला उठवून ते देवापुढें आणीत आणि हातावर प्रसाद ठेवीत. एकदां पूजेच्या वेळीं मूर्तीवर विंचू येऊन बसला. भोंवतालचीं माणसें त्याला मारावयास धांवलीं, तेव्हां म्हाताऱ्यानें त्यांना थांबविलें. तो देवाच्या आश्रयास आला आहे, त्याला कोणी शिवूं नये, असें सांगून त्यांनीं पूजा पुरी केली. आश्रयास आलेल्याविषयीं त्या घराची रीत कशी होती, हें या एका प्रसंगावरून ध्यानांत यावें.

आईची शिस्त निराळ्या तऱ्हेची. तुळशीला पाणी घातल्यावांचून मुलाच्या पानांत अन्न पडत नसे. घरचा फणस पिकला कीं गऱ्यांचे द्रोण भरून ते आधीं शेजारच्या घरोघर पोंचवावयाचे, आणि मग मुलांनीं खावयाचे. फणसाच्या वासानें जीव कासावीस झालेल्या मुलाला ही शिस्त गोड वाटली असेल, असें मात्र समजूं नये!

याच घरांत एक आंधळे काका राहत. दृष्टि नसतांहि ते सारखे कांहींना कांहीं काम करीत. स्वभाव शांत. त्यांना वेळेवर व नीट वाढावें, मानानें वागवावें, याकडे सर्वांचें लक्ष असे. मुलांना ते काका, एवढेंच ठाऊक. पुढें नरहरपंतांनीं कुटुंब बडोद्यास नेलें; काका गागोद्यासच राहिले. कांहीं काळानें ते वारल्याचें पत्र आलें. घरचें कोणी गेल्याचें कळतांच आईनें स्नान करावें, इतरांनींहि करावें, असा परिपाठ. या वेळीं तसें कांहींच घडलें नाहीं. मुलानें कारण विचारलें, तेव्हां आईनें सांगितलें कीं, ते आपल्या नात्याचे नव्हते. त्यांना कोणी नव्हतें, म्हणून ते आपल्याकडे राहिले.

एवढीं वर्षें एका घरांत काढून मुलाला ती गोष्ट कळली नव्हती. ती कळली काका गेल्यावर. शास्त्रानें रेषा जेथें होती तेथेंच ठेविली होती, आणि आईनें ती पाळलीहि. परंतु माणूस जिवंत असतांना ती त्याच्या ताटापर्यंत येऊं दिली नाहीं.

हीच आई बडोद्यास, घरीं राहणाऱ्या एका परक्या विद्यार्थ्याला गरम अन्न वाढी आणि शिळें उरलें तर स्वतः खाई किंवा विन्याला देई. विन्यानें तिला पकडलें: सर्वांना सारखें मानावें म्हणतेस, आणि हा भेद कसा? तिनें तो कबूल केला. तूं मला अजून मुलगा दिसतोस आणि तो अतिथिरूप देव दिसतो. तुझ्यांतहि देव दिसूं लागला कीं भेद सरेल, असा तिच्या उत्तराचा आशय होता. आपली उणीव मुलापुढें इतक्या सरळपणें मांडणारी माउली विरळा.

१९१६ मध्यें विनोबांनीं घर सोडलें. १९१८ च्या इन्फ्लुएंझांत आई गेली. अंत्यविधि आपणच करावा, भटजींकडून नको, असा त्यांचा आग्रह होता. घरच्यांस तो मानवला नाहीं. तेव्हां ते स्मशानांत गेले नाहींत. स्नान केलें आणि वेद वाचावयास बसले.

१८ एप्रिल १९५१ रोजीं तेलंगणांतील पोचमपल्ली येथें रामचंद्र रेड्डी यांनीं १०० एकर जमीन देऊं केली आणि भूदानाची यात्रा सुरू झाली. तिचा उगम गागोद्याच्या आंधळ्या काकांत शोधणें धाडसाचें होईल. तिला कारणें पुष्कळ होतीं. परंतु गांवोगांव जमीनदारांपुढें उभे राहून विनोबा जी मागणी करीत, ती नात्याच्या भाषेंतली होती. तुम्हांला पांच मुलगे असतील, तर मला सहावा समजा आणि माझा वांटा द्या, असें ते म्हणत.