हॉटेलच्या खोलींतील दीक्षाविधि

एखाद्या धर्मपंथाचा समूळ उच्छेद करावयाचा असल्यास राज्यसत्ता काय करील? देवळें पाडील, कीं ग्रंथ जाळील? स्टालिनच्या सरकारनें याहून नेमका उपाय योजिला.

पश्चिम युक्रेनमधील ग्रीक-कॅथॉलिक पंथाचे उपासनाविधि पौर्वात्य, परंतु निष्ठा रोमच्या पोपवर. या पंथांत बिशपनें मस्तकावर हात ठेविल्यावांचून कोणी पुरोहित होऊं शकत नाहीं, आणि बिशपहि बिशपच्याच हस्तें होतो. आपल्याकडील गुरुपरंपरेसारखीच ही सांखळी. सरकारनें घाव घातला तो या सांखळीवरच.

एप्रिल १९४५ मध्यें ल्विव्हचे मुख्य धर्माधिकारी योसिफ स्लिपी व त्यांचे सहकारी बिशप यांस अटक झाली. बिशप तुरुंगांत असतांनाच मार्च १९४६ मध्यें ल्विव्ह येथें धर्मसभा भरविण्यांत आली, व १५९६ सालीं रोमशीं झालेलें ऐक्य तिनें मोडीत काढून पंथ रशियन ऑर्थोडॉक्स चर्चमध्यें विलीन केला. अनेक पुरोहितांनीं मान तुकविली. त्यांस दोष देण्याची घाई करूं नये; या पंथांत पुरोहितांस विवाहाची मुभा असते, आणि पुष्कळांच्या मागें बायकामुलें होतीं. ज्यांनीं नकार दिला त्यांच्या वांट्यास तुरुंग व हद्दपारी आली. सुटून आलेले दिवसां मिळेल तें काम करीत आणि रात्रीं बंद दारांआड उपासना चालवीत.

वासिल वेलिचकोव्हस्की यांची देहान्ताची शिक्षा कमी होऊन दहा वर्षांची झाली होती. ते १९५५ सालीं सुटले. १९५९ मध्यें रोमनें त्यांस बिशप नेमिलें. परंतु दीक्षा द्यावी कोणीं? पोप तेविसावे जॉन यांच्या रदबदलीनें स्लिपी अठरा वर्षांनीं मुक्त झाले. रोमला जाण्यापूर्वीं, ता. ४ फेब्रुवारी १९६३ रोजीं, मॉस्कोंतील एका हॉटेलच्या खोलींत त्यांनीं वेलिचकोव्हस्कींच्या मस्तकावर हात ठेविला. ना घंटानाद, ना समुदाय. पुढील वर्षीं वेलिचकोव्हस्कींनीं व्होलोदिमिर स्टेर्निउक यांस गुप्तपणें बिशप केलें. १९६९ मध्यें वेलिचकोव्हस्कींस पुन्हा अटक झाली, व १९७३ सालीं कॅनडांत, परदेशीं, त्यांचें देहावसान झालें. परंतु परंपरा पुढें गेली होती. एके काळीं रुग्णवाहिकेवर काम केलेले हे स्टेर्निउक ल्विव्हमधील लहानशा खोलींतून गुप्त चर्चचा कारभार पाहत राहिले.

डिसेंबर १९८९ मध्यें सोव्हिएट सरकारनें या पंथास नोंदणीची मोकळीक दिली. तेव्हां त्यास नव्यानें आरंभ करावा लागला नाहीं. बिशप होते, पुरोहित होते. केवळ दारें उघडावयाचीं होतीं.