क्यूबेकची शांत क्रांती
क्रांती म्हटलं की आपल्याला रक्तपात आठवतो. कॅनडातल्या फ्रेंचभाषक क्यूबेक प्रांतात मात्र ती मतपेटीतून आली. १९६० साली झाँ लेसाज यांचं लिबरल सरकार आलं, तेव्हा फ्रेंच शाळा नि रुग्णालयं बहुतांशी कॅथलिक चर्चच्या हाती होती आणि मोठे उद्योग इंग्रजी भांडवलाच्या. 'आपल्या घरचे मालक आपणच' या घोषणेवर १९६२ची निवडणूक जिंकून सरकारने खासगी वीजकंपन्या विकत घेतल्या. १९६४ मध्ये शिक्षणखातं स्थापन झालं. त्याच वर्षी विवाहित स्त्रीला नवऱ्याच्या संमतीवाचून व्यवहार करण्याचा कायदेशीर हक्क मिळाला. पण चर्च मागे सरल्यावर या समाजाला एकत्र बांधणार कोण? भाषा! म्हणून १९७७चा फ्रेंच भाषेचा कायदा आपण याच क्रांतीचा पुढचा टप्पा मानायला हवा.